खोलीभाड्याची मर्यादा आणि कापले गेलेले १,६६,५०० रुपये: एका आरोग्य विमा दाव्याचा प्रकरण अभ्यास

आरोग्य विम्याचे दावे अडकले की कागदपत्रं लावायला आणि पत्रं लिहायला मी लोकांना मदत करते. दावा साफ नाकारला गेल्याच्या फायली माझ्याकडे येतातच, पण "मंजूर झाला, पण पैसे कमी आले" ही तक्रार जास्त त्रासदायक असते. नकाराचं कारण निदान एका ओळीत लिहिलेलं असतं. कपातीचं कारण मात्र पॉलिसीच्या चाळीस पानांत कुठेतरी एखाद्या व्याख्येत दडलेलं असतं, आणि ती व्याख्या शोधायची असते हेच कुणी सांगत नाही.

हे प्रकरण तशाच एका कपातीचं आहे. कुटुंब, रुग्णालय, विमा कंपनी यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बिलातले आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं कुटुंब. वडील, घरातले अण्णा, सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आई घर सांभाळणारी. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. मुलाच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आईवडील बसत नव्हते, म्हणून २०१८ मध्ये ओळखीच्या एजंटकडून दोघांची ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी घेतली. फ्लोटर म्हणजे दोघांना मिळून ५ लाख, प्रत्येकी पाच नव्हेत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पॉलिसी घेताना आईचं वय ५८ होतं. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचं प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलं होतं. एजंट म्हणाला होता, "बीपीचं लिहिलं तर हप्ता वाढेल." अण्णांनी तरीही लिहायला लावलं. पाच वर्षांनी त्याचा फार उपयोग झाला.

पाच वर्षांत एकही दावा केला नव्हता. त्यामुळे दरवर्षी मूळ विमा रकमेत १० टक्क्यांची भर, म्हणजे संचयी बोनस, साठत गेला आणि कार्डावर एकूण ७ लाख ५० हजार दिसू लागले. २०२० पासून आईचे गुडघे दुखत होते. २०२३ च्या दिवाळीआधी डॉक्टरांनी दोन्ही गुडघे एकदमच बदलायचा सल्ला दिला. शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये पुण्यात, कॅशलेसची, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याची, सोय असलेल्या रुग्णालयात करायचं ठरलं.

प्रतीक्षा काळाचा प्रश्न, जो सहज सुटला

कॅशलेससाठी रुग्णालयाने पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवला, तेव्हा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या टीपीएकडून क्वेरी आली: गुडघेदुखी नक्की केव्हापासून? रक्तदाब केव्हापासून?

अशा क्वेरीने घरचे घाबरून जातात, पण तिच्यामागे साधा हिशोब असतो. पॉलिसीत तीन प्रकारचे प्रतीक्षा काळ असतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांसाठी साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी सर्वात मोठा काळ असतो, जो या पॉलिसीत चार वर्षांचा होता. २०१८ ते २०२३ म्हणजे तिन्ही काळ उलटलेले. २०२० चा पहिला ओपीडी कागद आणि ऑर्थोपेडिक सर्जनचं एक पत्र जोडल्यावर क्वेरी त्याच दिवशी मिटली. रक्तदाबाबद्दल तर काही विचारायलाच उरलं नाही, कारण तो फॉर्मवर आधीच होता. १ लाख ५० हजारांची प्राथमिक मंजुरी आली. अंतिम बिलानंतर उरलेली रक्कम वाढवून घ्यायची असते, त्यामुळे हा आकडा कमी दिसला तरी त्यात काळजीचं कारण नव्हतं.

पहिला निर्णय: खोली कोणती घ्यायची

प्रकरण खरं बिघडलं ते भरतीच्या टेबलावर.

रुग्णालयात दोघांत एक अशी ट्विन शेअरिंग खोली ४,५०० रुपये रोज होती आणि सिंगल ८,००० रुपये. मुलाचा अंदाज असा: पॉलिसीत खोलीभाडं १ टक्का लिहिलंय, कार्डावर साडेसात लाख आहेत, म्हणजे रोजचे ७,५००. सिंगल घेतली तर वर फक्त ५०० रुपये. टीपीए डेस्कवरच्या मुलीने पॉलिसी तपासून सांगितलं, "सर, तुमची एलिजिबिलिटी पाच हजार आहे. वरचा डिफरन्स तुम्हाला भरावा लागेल."

बोनस धरून नव्हे, मूळ विमा रकमेच्या १ टक्का अशी ती मर्यादा होती. मुलाने लगेच मनात पुन्हा हिशोब केला. रोजचे ३,०००, पाच दिवसांचे १५,०००. आईला दोन्ही पायांचं ऑपरेशन, उठता-बसता येणार नाही, रात्री सोबतीला कुणीतरी हवं. पंधरा हजारांसाठी कशाला मन मारायचं? त्याने सिंगल घेतली. मुलगा म्हणून त्याने घेतलेला हा निर्णय मला कळतो. हाती असलेल्या माहितीवर तो चुकीचाही नव्हता.

माहितीच अपुरी होती. डेस्कवरची मुलगी खोटं बोलली नव्हती, पण "डिफरन्स" कशाकशावर लागतो हे तिने सांगितलं नाही आणि मुलाने विचारलं नाही. भरतीच्या वेळी सही केलेल्या कागदांत चौथ्या पानावर, बारीक अक्षरांत एक ओळ होती: पात्रतेपेक्षा वरच्या श्रेणीची खोली घेतल्यास पॉलिसीनुसार प्रमाणशीर कपात लागू होईल व ती रक्कम रुग्ण भरेल. त्या ओळीशेजारी मुलाची सही होती. नंतर फाइल चाळताना आम्हाला ती सापडली.

प्रमाणशीर कपात म्हणजे काय ते इथे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मोठ्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग यांचे दरही बदलतात. ट्विनमध्ये ज्या शस्त्रक्रियेला १ लाख १५ हजार लागतात, तिलाच सिंगलमध्ये १ लाख ४० हजार. विमा कंपनी म्हणते: तुम्ही पात्रतेपेक्षा वरची खोली घेतलीत, म्हणून हे सगळे दर वाढले, तेव्हा हे खर्च आम्ही त्याच प्रमाणात देऊ. पात्रता ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० असेल तर प्रमाण ६२.५ टक्के. म्हणजे सर्जनच्या १ लाख ४० हजारांतले ५२,५०० रुपये तुमच्या खिशातून. खोलीचं भाडं हा त्यातला लहानसा भाग असतो.

डिस्चार्जचा दिवस

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पहिली रात्र आयसीयूत, पुढचे पाच दिवस खोलीत. सहाव्या दिवशी वॉकर धरून आई दारापर्यंत चालल्या.

बिल झालं ४,५८,००० रुपये. त्याची फोड अशी:

खोलीभाडं, ५ दिवस: ४०,०००
आयसीयू, १ दिवस: ९,५००
सर्जन, सहायक आणि भूलतज्ज्ञ: १,४०,०००
ऑपरेशन थिएटर: ३८,०००
नर्सिंग आणि डॉक्टरांच्या व्हिजिट: १२,०००
दोन्ही गुडघ्यांचे इम्प्लांट: १,३६,०००
औषधं आणि कन्झ्युमेबल (उपचारात वापरून संपणाऱ्या वस्तू): ५२,०००
तपासण्या: १६,५००
विम्यात न बसणाऱ्या वस्तू: १४,०००

शेवटची ओळ म्हणजे वॉकर, नी ब्रेस, क्रेप बँडेज, ग्लोव्हज असल्या गोष्टी. नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची, अशा ६८ बाबींची यादी आहे. वेगळा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला नसेल तर त्या सहसा मिळत नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अंतिम मंजुरी यायला संध्याकाळ झाली. मंजूर रक्कम होती २,७७,५००. काउंटरवर १,८०,५०० रुपये भरायला सांगितलं. मुलाच्या डोक्यात १५,००० अधिक थोडं किरकोळ, असे तीसेक हजार होते. त्याने पत्रावरचं कारण वाचलं. लिहिलं होतं, "खोलीभाडे मर्यादेनुसार प्रमाणशीर कपात." एवढंच.

दुसरा निर्णय: काउंटरवर काय करायचं

त्या क्षणी त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पैसे न भरता तिथेच भांडत बसायचं. पैसे भरून गप्प घरी जायचं. किंवा पैसे भरायचे आणि कागद गोळा करून नंतर लढायचं.

पहिली वाट वरवर स्वाभिमानाची वाटते, पण तिने काही हाती लागत नाही. कपात विमा कंपनीने केलेली असते आणि समोर बसलेला असतो रुग्णालयाचा माणूस. बिल भरलं नाही तर रुग्णाचा आणखी एक दिवस मोजला जातो. अण्णा दुसऱ्या वाटेला तयार होते. "जाऊ दे, पाय नीट झाले ना?" सून बँकेत कामाला. तिने तिसरी वाट धरली आणि पैसे भरतानाच काउंटरवर दोन गोष्टी मागितल्या: बाबवार कपातीचा तक्ता आणि रुग्णालयाचं छापील दरपत्रक. तक्ता टीपीएकडून दोन दिवसांनी ईमेलवर आला. दरपत्रकासाठी चार फेऱ्या माराव्या लागल्या.

ही मागणी मी प्रत्येकाला करायला सांगते. डिस्चार्ज समरी, अंतिम बिल, पावत्या, इम्प्लांटचे स्टिकर आणि त्यांचं इन्व्हॉइस एवढं रुग्णालय आपण होऊन देतं. कपातीचा तक्ता मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही.

कपात नेमकी कुठे चुकली

फाइल माझ्याकडे आली ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तक्त्यावर नजर टाकताच गोम कळली. न बसणारे १४,००० वजा करून उरलेल्या ४,४४,००० ला कंपनीने सरसकट ६२.५ टक्के लावले होते, म्हणजे १,६६,५०० कापले होते. खोलीलाही, सर्जनलाही, इम्प्लांटलाही, औषधांनाही, आयसीयूलाही.

इथे पॉलिसीतली एक व्याख्या कामाला आली. आयआरडीएआयने जून २०२० मध्ये प्रमाणशीर कपातीवर मर्यादा घातली. कपात फक्त "असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस" म्हणजे खोलीशी निगडित वैद्यकीय खर्चांवर करता येते, आणि त्या खर्चांत तीन गोष्टी धरायच्या नाहीत: औषधं आणि कन्झ्युमेबल, इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, आणि तपासण्या. आयसीयूच्या शुल्काला प्रमाणशीर कपात लावायची नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, किंवा जो खर्च खोलीनुसार बदलत नाही, तिथेही लावायची नाही. यामागचं कारण सरळ आहे. गुडघ्याचा इम्प्लांट जनरल वॉर्डात बसवला काय आणि डीलक्स खोलीतल्या रुग्णाला बसवला काय, किंमत तीच. खोलीमुळे जो खर्च वाढलाच नाही, तो खोलीच्या नावाने कापायचा कसा?

या कुटुंबाच्या पॉलिसीच्या वर्डिंगमध्ये ही व्याख्या शब्दशः होती, व्याख्यांच्या प्रकरणात अकराव्या पानावर. कंपनीने स्वतःच छापलेली, आणि दावा निकाली काढताना तिच्याच लोकांनी न पाळलेली.

मग पेन्सिलीने हिशोब मांडला. खोलीचे २५,००० देय. सर्जन, थिएटर, नर्सिंग मिळून १,९०,०००, त्याचे ६२.५ टक्के म्हणजे १,१८,७५०. आयसीयूचे ९,५००, इम्प्लांटचे १,३६,०००, औषधांचे ५२,००० आणि तपासण्यांचे १६,५०० पूर्ण. एकूण ३,५७,७५०. मिळाले होते २,७७,५००. फरक ८०,२५० रुपयांचा.

उरलेली ८६,२५० ची कपात मात्र नियमाला धरून होती, आणि हे मी कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलाला ते पटायला वेळ लागला. त्याला सगळीच रक्कम परत मागायची होती. पण आपली अर्धी मागणी पक्की आणि अर्धी पोकळ असली की समोरचा पोकळ भागावर बोट ठेवून सगळीच फेटाळतो. आम्ही ८०,२५० वरच ठाम राहायचं ठरवलं.

कोणते मार्ग होते

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करणं ही पहिली पायरी, ती टाळता येत नाही. तिथे दाद मिळाली नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे नियामक स्वतः निवाडा करत नाही, पण कंपनीला उत्तर द्यायला लावतो. त्यापुढे विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोग.

लोकपाल आणि आयोग यांच्यात निवड करताना बराच विचार झाला. लोकपालाकडे फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवरूनही होते. कंपनीने नाकारल्यापासून वर्षभराच्या आत जावं लागतं. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदाराला मात्र तो पटला नाही तर पुढे जायची मोकळीक राहते. पण तोच वाद आधी आयोगात किंवा कोर्टात नेला असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणजे क्रम उलटा झाला की एक दार कायमचं बंद होतं. मानसिक त्रासाची भरपाई वगैरे मागायची असेल तर आयोगाकडे वाव जास्त. इथे वाद निव्वळ हिशोबाचा होता, म्हणून लोकपाल.

काय केलं

पहिलं काम रुग्णालयाच्या पत्राचं. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांचे दर आमच्याकडे सर्व श्रेणींच्या खोल्यांना समान आहेत, असं बिलिंग विभागाकडून लेटरहेडवर लिहून घेतलं. रुग्णालय आधी टाळाटाळ करत होतं. सुनेने दरपत्रकाची प्रत पुढे ठेवून सांगितलं, "यात जे छापलंय तेवढंच लिहून द्या, वेगळं काही नको." मग मिळालं. या एका कागदाने पुढचा निम्मा वाद संपवला असं मला वाटतं.

तक्रारीचं पत्र दीड पानाचं केलं. त्यात आईचं वय, घरची परिस्थिती, झालेला मनस्ताप यातलं काही घातलं नाही. पॉलिसीचं पान आणि कलम, कंपनीने लावलेला हिशोब, व्याख्येनुसार होणारा हिशोब, फरक आणि मागणी. सोबत पाच कागद. मुलाला पत्र कोरडं वाटलं. पण ते वाचणारा माणूस रोज तशी पन्नास पत्रं वाचतो, त्याला आकडा सापडला पाहिजे.

जानेवारीत कंपनीचं उत्तर आलं: दावा पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार निकाली काढला आहे. आमच्या एकाही मुद्द्याला त्यात स्पर्श नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात ऑनलाइन तक्रार दाखल केली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट हाती लागली. भरतीपूर्वी ३० दिवस आणि डिस्चार्जनंतर ६० दिवस यांतला संबंधित खर्चही पॉलिसीत बसतो, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. एक्स-रे, शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासण्या, नंतरची औषधं, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पावत्या, सगळं पिशवीत पडून होतं. फिजिओथेरपीसाठी सर्जनचा लेखी सल्ला लागतो, तो डिस्चार्ज समरीत होताच. मुदतीत अर्ज केला आणि १७,२०० रुपये विनातक्रार जमा झाले. एवढी सरळ मिळणारी रक्कम लोक फक्त माहिती नसल्याने सोडून देतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

निकाल

जूनमध्ये, सुनावणीची तारीख लागण्याआधी, कंपनीकडून ईमेल आला. फेरतपासणीत ८०,२५० रुपये देय आढळले, तडजोडीला संमती द्यावी.

इथे तिसरा निर्णय होता. उशिराचं व्याज कंपनीने धरलं नव्हतं. सात महिन्यांचं ते चार हजारांच्या आसपास झालं असतं. मुलाला सुनावणी हवी होती. अण्णांना विषय संपवायचा होता. माझं मत असं होतं की व्याजाची मागणी एका ओळीत लिहून बघावी आणि नाही म्हणाले तर संमती द्यावी. तसंच केलं, कंपनी नाही म्हणाली, संमतीपत्र गेलं आणि पंधरवड्यात पैसे आले. तत्त्वासाठी सुनावणीला जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण या घरात पुढच्या महिन्यांत आईची फिजिओथेरपी सांभाळायची होती आणि त्या चार हजारांपेक्षा तिचं मोल जास्त होतं.

काय वेगळं करता आलं असतं

ट्विन शेअरिंग घेतली असती तर बिलच ४,०७,५०० झालं असतं आणि खिशातून फक्त १४,००० गेले असते. सिंगलचे, वाद जिंकल्यावरही, १,००,२५० गेले. आईला सिंगलच द्यायची असेल तर ती खुशाल द्यावी, पण तिची किंमत ८६,२५० आहे हे माहीत असताना. भरतीच्या टेबलावर विचारायचा प्रश्न असा होता: "मी ही खोली घेतली तर एकूण अंदाजे बिलातलं मला किती भरावं लागेल, ते लिहून द्या." शस्त्रक्रिया ठरवून होणारी होती, त्यामुळे दोन्ही खोल्यांची अंदाजपत्रकं आठवडाभर आधी मागता आली असती. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या प्रसंगी एवढा वेळ नसतो. तिथे घरातल्या एकाला तरी खोलीभाड्याचा आकडा पाठ असावा लागतो.

एजंटबद्दलही बोललं पाहिजे. "पाच लाखांचं कव्हर आहे, काळजी करू नका," एवढ्यावर २०१८ ची विक्री झाली. खोलीभाड्याची मर्यादा काढून टाकणारा पर्याय तेव्हा थोड्या जास्त हप्त्यात उपलब्ध होता, तो सांगितलाच गेला नाही. आता पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक मिळतं. त्यात उपमर्यादा, को-पे (दाव्यातला आपण भरायचा हिस्सा), प्रतीक्षा काळ दोन-तीन पानांत लिहिलेले असतात. पॉलिसी हाती आल्यावर ते वाचून पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

२०२४ पासून नियम ग्राहकाच्या बाजूने बरेच सरकले आहेत. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं झाला. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती लपवली म्हणून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. कॅशलेसच्या प्राथमिक अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असंही कंपन्यांना बजावलं आहे. खोलीभाड्याची मर्यादा मात्र पॉलिसीत लिहिलेली असेल तर आजही चालते.

नूतनीकरण: पॉलिसी बदलायची का?

नूतनीकरण ऑगस्टअखेर होतं. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. पोर्ट केल्यावर जुन्या विमा रकमेपुरते पार पडलेले प्रतीक्षा काळ नव्या कंपनीत मोजले जातात. मात्र वय आणि नुकताच झालेला दावा बघून नवी कंपनी नकार देऊ शकते.

मुलगा ज्येष्ठांसाठीच्या एका योजनेवर खूश होता: खोलीवर मर्यादाच नाही. तिच्यात २० टक्के को-पे होता, म्हणजे प्रत्येक मंजूर दाव्याचा पाचवा हिस्सा आपण भरायचा. सुनेने नोव्हेंबरचंच बिल घेऊन दोन्ही पॉलिसी ताडून पाहिल्या. सिंगल खोलीत को-पेची योजना ३,५५,२०० देती, जुनी पॉलिसी ३,५७,७५०. जवळजवळ सारखंच. ट्विनमध्ये मात्र जुनी पॉलिसी ३,९३,५०० पूर्ण देती आणि नवी ३,१४,८००. खोलीची मर्यादा आपण खोली निवडून टाळू शकतो, को-पे कशानेच टळत नाही. पोर्ट करायचा विचार तिथेच सोडून दिला.

जुनी पॉलिसी तशीच चालू ठेवली आणि वर १५ लाखांचा सुपर टॉप-अप घेतला, ५ लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे खर्च ५ लाखांच्या वर गेला की पुढचं देणारा. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक भरतीचं बिल वेगळं धरून ५ लाखांच्या वर जावं लागतं. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातले सगळे दावे एकत्र मोजतात. दोन माणसांच्या फ्लोटरला तोच जुळतो. तो नवा करार असल्याने त्याचा प्रतीक्षा काळ पहिल्यापासून सुरू झाला, त्यामुळे आईच्या रक्तदाबाशी संबंधित उपचारांसाठी पुढची तीन वर्षं जुने ५ लाख आणि उरलेला बोनस एवढंच हाताशी आहे. सुनेने हे अण्णांना आधीच सांगितलं आणि त्या तीन वर्षांसाठी २ लाखांची मुदत ठेव वेगळी काढून ठेवायला लावली.